आईचा शुक्रवारचा कार्यक्रम

शुक्रवार, मार्च. नेपरव्हिल, अमेरिका.

आज घोळच घातला मी. आई सध्या इंग्लंडला दादाकडे आहे. तिथल्या सरकारी चॅनलवर दर शुक्रवारी रात्री आठला बागकामाचा कार्यक्रम लागतो. ती फोन टीव्हीपुढे धरते आणि मी इथून, ऑफिसातून, एकेक वाक्य मराठीत सांगते. इथे तेव्हा दुपारचे दोन. मॅनेजरशी भांडून ती वेळ मोकळी करून घेतलीय.

आज दोनला फोन केला तर म्हणाली, "अगं, अजून बातम्याच चालल्यात." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपली इथली घड्याळं उन्हाळ्यासाठी गेल्या रविवारी तासभर पुढे गेली, इंग्लंडची महिनाअखेरीस जाणार. म्हणजे कार्यक्रम तीनला. आणि तीनला क्लायंटची मीटिंग!

पण बातम्यांचा आवाज का येत नव्हता? विचारलंच.

"आवाज बंदच ठेवते गं. कळत तर काही नाही. दादा घरी येईपर्यंत नुसती चित्रं बघते."

नुसती चित्रं. रोज? किती सहज बोलली! तीनला करते म्हटलं आणि फोन ठेवला.

मॅनेजरला सांगितलं, तीनला मी नाही. "इमर्जन्सी आहे का?" म्हटलं, हो, आहे. महिनाअखेरपर्यंत शुक्रवारी तीनला नाही म्हणजे नाही. काय करायचं ते कर. आणि बाकीच्या दिवसांच्या संध्याकाळचंही बघतेच मी. नुसती चित्रं म्हणे!

तीनला पुन्हा फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला तिने.

"थांब हं, आवाज लावते."