मिरच्यांचा धूर

अक्का,

मी मेधाला घेऊन मनाच्या डॉक्टरांकडे चाललेय. आमटी झालीय, भात तेवढा लावा.

काल तुम्ही तिची दृष्ट काढलीत ती मायेनंच, ठाऊक आहे मला. पण ओवाळलेल्या मिरच्या तव्यावर पडल्या, धूर झाला आणि पोर मोरीत शिरून कडी लावून बसली. गोकुळ रोडवरच्या आपल्या वर्कशॉपला आग लागली तेव्हा ती तिच्या अप्पांबरोबर आतच होती. काल तिला तोच धूर वाटला. यापुढे घरात मिरच्या जाळायच्या नाहीत. अंथरूण ओलं केलं म्हणून तिला रागवायचंही नाही, ती मुद्दाम करत नाही. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, हे बरं होतं, पण अंगावर काढू नका.

आता तुमच्या भावाचं. मला काय धाड भरलीय, असं म्हणतील. पण रोज पूजा करतात आणि निरांजन न लावताच उठतात. तुम्ही त्याला आळस म्हणता. आगीनंतर त्यांनी एकदाही काडी ओढलेली नाही, अक्का.

म्हणून मी दोघांचं नाव नोंदवलंय. दवाखान्याचा पत्ता फ्रिजवर लावलाय. ते बाजारातून आले की लगेच पाठवा, तुमचा शब्द ते मोडत नाहीत. मेधानं बोलावलंय म्हणून सांगा. ते खोटं नाही. चप्पल घालताना तिनंच मला विचारलं, "अप्पांना पण भीती वाटते, मग ते का नाही येत?"

दीपाली