जखम जुळत नाही

३ मार्च
आजपासून मी मालिकेत आहे. पडद्यावर नव्हे, पडद्यामागे. वीस वर्षं मुद्रितं तपासली, आता दृश्यं तपासायची. गोष्ट लांडग्यांनी वाढवलेल्या एका तरुणाची. कालच्या दृश्यात केस कुठल्या खांद्यावर होते, चिखल कुठवर होता, ते वहीत टिपायचं आणि आजचं त्याच्याशी जुळवायचं. ताई फोनवर म्हणाली, चुका काढायला तुला कुणी मुद्दाम बोलावलं, नशीबच काढलंस.
नायकाला सगळे 'लांडगा' म्हणतात. विशीतला, काटकुळा. कुणाशी बोलत नाही. भूमिकेत शिरलाय म्हणे. लांडग्यांची कामं करणारी दोन कुत्री मात्र भारी लाडिक आहेत.

६ मार्च
मालिकेत एकच दुपार चालू आहे आणि ती महिनाभर पुरवायची आहे. शिकाऱ्याची गोळी त्याच्या डाव्या खांद्याला चाटून गेली, ती जखम महिनाभर ओलीच दिसायला हवी. आज कडेला खपली दिसली. मी लिहिलं : जखम वाळली आहे, जुळत नाही. दिग्दर्शकांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. घरी येईपर्यंत हसू मावत नव्हतं.

७ मार्च
सकाळी जखम पहिल्या दिवसासारखी ओली. इतकं हुबेहूब काम! रंगभूषेच्या मावशींना मुद्दाम जाऊन सांगितलं. त्या ब्रश धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, मी फक्त केस आणि चिखल बघते गं.

१२ मार्च
आणखी दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा दुसऱ्या सकाळी जुळलं.
आज मावशींनी मला कपड्यांच्या रांगांमागे ओढलं. संध्याकाळी तुझी वही वाचतात, म्हणाल्या, आणि मग त्याला मागच्या खोलीत नेतात. मी म्हटलं, नट आहे तो, तक्रार नाही का करणार? मावशी म्हणाल्या, नट कुठला? त्याला कुठून आणलं ते मी विचारलं नाही. तू तरी कुठे विचारलंस?
कुत्र्यांना चार तासांच्या वर काम द्यायचं नाही, असा नियम आहे. त्यांचा डॉक्टर रोज येतो.

१३ मार्च
जखम वाळली होती. लिहिलं : सगळं जुळतं.
आयुष्यात पहिल्यांदा चूक मुद्दाम सोडली.

१४ मार्च
दिग्दर्शकांनी बोलावलं. जखमेचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. आवाज चढवला नाही. दमला असाल, म्हणाले, दोन दिवस मीच बघतो. पुढचा भाग वाचायला दिला. त्यात त्याचा पाय लोखंडी सापळ्यात —
परवा चित्रीकरण. माझ्याकडे उद्याचा एकच दिवस.

१५ मार्च
जेवणाची सुट्टी. मागच्या खोलीला कुलूप नव्हतं, नुसती कडी. तो कोपऱ्यात होता. चल, म्हटलं, दार उघडं आहे. त्याने दाराकडे बघितलं नाही. माझ्या काखेतल्या वहीकडे बघितलं. दात विचकले. मी हात पुढे केला आणि त्याने मनगट —
इतकी माणसं त्याला धरून नेतात. पण भीती माझी. लिहिणाऱ्या बाईची.
मागे कडी वाजली. छताजवळ कॅमेऱ्याचा लाल दिवा, आत्ता दिसला. बाहेरून दिग्दर्शक म्हणाले, राहू दे दोघांना, चावा कॅमेऱ्यात छान आलाय. बाई, उद्यापर्यंत कुर्ता तेवढा बदलू नका.
फोन सकाळीच सेटच्या दारात जमा केलेला. हाका मारल्या. मावशींच्या चपला दारापर्यंत आल्या. थांबल्या. गेल्या.

१५, संध्याकाळ
वही त्याच्यासमोर फाडली. पान न् पान. तो बघत राहिला. मग सरकत सरकत जवळ आला. माझं मनगट चाटलं. ही रोजनिशी मात्र त्याच्या नजरेआड, ओढणीखाली धरून लिहिते आहे.

१६ मार्च
पावलं. तीन-चार जण. काहीतरी लोखंडी फरशीवरून ओढत —
तो उठला. मला कोपऱ्यात ढकललं. माझ्यापुढे बसलाय, दाराकडे तोंड करून.
मागे हो, राजा. ओढते आहे. हलत नाही.
सदरा डाव्या खांद्यावरून खाली केला त्याने. आपणहून. सवयीने.
आज खांदा नकोय त्यांना. हे त्याला कसं —