गाठ आहे तिथंच

२ फेब्रु.
गौरीचा एमआरआय झाला. केमो, ऑपरेशन सगळं उरकून वर्ष होत आलं, तरी कण्याजवळ राहिलेला गाठीचा तुकडा तसाच. वाढला नाही, कमीही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, सुई घालून नमुना घेऊ.
"परत आलंय का?" मी विचारलं.
"तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."
रिक्षातून चिकलठाण्यात घरी आलो, मी न् हे दोन्ही बाजूंना. मध्ये बसून गौरी पेरू खात होती.

५ फेब्रु.
नमुना घेतला. भूल उतरल्यावर पोरगी ह्यांच्यावरच चिडली. "पप्पा, तुम्ही नुसतं बघत व्हते!" हे बाहेर गेले. आले तेव्हा तोंड धुतलेलं.

९ फेब्रु.
बिडकीनला शाळेत गेले. वजाबाकी शिकवताना फळ्यावर हातचा विसरले, पोरांनीच सांगितलं. पाचोडहून सासूबाईंचा फोन. "लई इचार करू नको. पोरगी खाती, खेळती, तेच बघ." तेव्हाही खात-खेळतच होती की. गाठ सापडली तेव्हा.

१३ फेब्रु.
रिपोर्ट आला. डॉ. बाईंनी समजावलं: मज्जातंतूच्या कच्च्या पेशी होत्या, म्हणून बेफाम वाढत होत्या. औषधांनंतर ज्या उरल्या त्या पिकल्या. पिकलेल्या सहसा वाढत नाहीत.
हे म्हणाले, "मंजे आता कॅन्सर नाय?"
"या नमुन्यात नाही. सगळ्या गाठीची खात्री सुई देत नाही."
"मग काढूनच टाका," मी.
"किडनीच्या रक्तवाहिनीला चिकटलीय. काढताना किडनी जाऊ शकते. मी म्हणेन, राहू द्या. स्कॅन करत राहू."
आनंद व्हायला हवा होता. झाला, पण…

१४ फेब्रु.
भांडण. ह्यांचं म्हणणं, "तुझ्या जिवाला शांती मिळावी म्हणून पोरीला पुन्हा चिरायचं व्हय?" मी ताटावरून उठले. हे भांडी घासत बसले. नंतर शेजारी येऊन म्हणाले, "भीती मला पण वाटती गं."

१७ फेब्रु.
डॉक्टरबाईंना मीच फोन केला. म्हटलं, राहू द्या. दुसरं एक त्यांनी सांगितलं: केमोनं गौरीला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, कानाला मशीन लावावं लागेल. तिला निळं पाहिजे.

२३ फेब्रु.
गौरीला अंघोळ घातली. पोटावरचा व्रण आता पांढरा पडलाय. साबण लावताना बोटं आपोआप गाठ चाचपायला गेली. रोज जातात. आज तिनं ओळखलं.
"आई, गाठ गेली का?"
"नाही. आहे."
"मग?"
म्हटलं, "आता ती शांत बसलीय."
"उठंल का परत?"
मी तांब्या भरला. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले, पाणी पडायची वाट बघत.