आवरलेली बाग

रविवार, १२ ऑगस्ट

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. वहिनीचा खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही ठीक. माझ्या शिवणाच्या दुकानात शाळेच्या गणवेशांची गर्दी आहे, मान वर करायला फुरसत नाही. बाबांचा गुडघा दुखतो, पण ते ऐकतात कुणाचं?

तू विचारलंस, वादळाची सरकारी मदत मिळाली का. शेजारच्या काकांना मिळाली. आडवी झालेली झाडं त्यांनी तशीच पडून राहू दिली होती. जन्मभर आळशी म्हणून बोलणी खाल्ली, आता त्याचंच बक्षीस मिळालं, म्हणतात. नवी रोपं लावायला घेतलीत त्यांनी.

आपल्याला नाही मिळाली.

पंचनाम्याला एक अधिकारी बाई आल्या होत्या. वाईट नव्हत्या. बांधावर उभ्या राहून त्यांनी विचारलं, पडलेली संत्र्याची झाडं कुठायत? झाडं नव्हतीच, दादा. बाबांनी ती तोडून ओंडके लाकूडवाल्याला देऊन टाकले होते. मुळं खणून काढली, खड्डे बुजवले, माती सारखी केली. फांदीचा तुकडा शोधून सापडेना. काका साक्ष द्यायला पुढे झाले, इथे बाग होती म्हणून शपथ घ्यायला निघाले. पण नियम असा, की पडलेलं झाड दिसलं तर भरपाई. फोटोही नव्हता. आपल्या घरात मोडल्या गोष्टीचा फोटो कोण काढतं?

बाई कळवळून म्हणाल्या, "आजोबा, आम्ही येईपर्यंत थांबायचं होतंत. एवढी घाई कशाची होती?"

बाबा बराच वेळ चपलेने माती सपाट करत राहिले. मग म्हणाले, "मुलगा येणार होता. त्याला असं कसं दाखवायचं?"

हे मी लिहिणार नव्हते. वादळानंतर तुझा फोन आला, रविवारी येतो म्हणालास, आणि त्याच दुपारी बाबांनी कुऱ्हाड काढली. मजूर लावले, स्वतःही राबले. मी ओरडले तर म्हणाले, इतक्या वर्षांनी येतोय, बाग रिकामी दिसली तरी चालेल, मोडलेली दिसू नये. तुझी रजा नाकारली गेली हे मला माहीत आहे. त्यांनाही. त्यांनी तुला कधी बोल लावला नाही.

रोपं आणायची, पाणी द्यायचं, फळ धरेपर्यंत वर्षानुवर्षं थांबायचं, हे मदतीशिवाय जमणारं नव्हतं. शेत विकलं. गेल्या आठवड्यात सह्या झाल्या. बाबा आता माझ्याकडे असतात, दुकानामागच्या खोलीत. सकाळी उठून चपला घालतात, दाराशी जरा उभे राहतात आणि परत आत येतात.

पुढच्या महिन्यात नक्की येतोस म्हणून लिहिलंस. ये. थेट माझ्याकडे ये, शेताच्या रस्त्याने नको.

बाबांनी मला बजावलंय, की त्याला लिही मदत मिळाली, पण वयामुळे झेपेना म्हणून विकलं. मी पत्र टाकून आले की विचारतील. तसंच लिहिलं, असं सांगेन. तूही तेच धरून चाल. माफी मागू नकोस. मदत वेळेवर मिळाली ते बरं झालं, एवढं म्हण आणि त्यांच्याशेजारी बस.

तुझ्यावर रागवायचं अजून न जमलेली,
धाकटी