त्र्याऐंशी सालचे दोन पेन्स

मंगळवार, ४ मार्च

सापडलं! शेजारच्या ट्रेव्हरने भिंग लावून तीनदा पाहिलं. नाण्यांचा किडा आहे तो. ब्याऐंशीपासून दोन पेन्सच्या नाण्यावरचं ‘न्यू पेन्स’ जाऊन ‘टू पेन्स’ आलं, पण त्र्याऐंशीच्या थोड्या नाण्यांवर चुकून ‘न्यू’च राहिलं. त्यातलं एक माझ्या हातात! "कीथ, सहाशे-सातशे पौंड कुठे गेले नाहीत. फक्त घासूबिसू नकोस." माझं काचघर झालं म्हणायचं! दोन वर्षं टोमॅटो जिन्यात वाढवतोय.

बायकोला, ग्लेंडाला, सांगणार नाही. सांगितलं की नवा गालिचा येईल.

बुधवार, ५

तिच्या चिल्लरच्या बरणीत लपवलं, तळाशी. दोन पेन्सांत दोन पेन्स — कोण शोधतंय! स्वतःवर खूश.

शुक्रवार, ७

बरणी रिकामी!!

"अगं, चिल्लर कुठेय?" "खेळून आले."

क्लीथॉर्प्सला, समुद्रावरच्या आर्केडमध्ये, नाणी टाकून खेळायच्या यंत्रांवर! त्या यंत्रात वरून दोन पेन्स टाकायचे, फळी आतला ढीग पुढे ढकलते, कडेवरून पडतील ते आपले. पडत काही नाही. "रिटायर झाल्यापासून तू खुर्ची सोडत नाहीस. मग जाते एकटीच." सगळं ओकावं लागलं. पोट धरून हसली बया. "तरीच! तीन दिवस इतका गोड वागतोयस, मला वाटलं डॉक्टरने काही सांगितलं."

शनिवार, ८

दहालाच दोघं आर्केडमध्ये हजर. "कुठलं यंत्र?" "डावीकडचं. नाहीतर खांबाजवळचं."

आता पद्धत बसवली आहे. पडलेलं प्रत्येक नाणं चष्मा लावून वाचायचं, वाचलेलं वाटीत टाकायचं, वाटी भरली की पुन्हा सगळं यंत्रात. चार तासांत सालं निघाली ती एकाहत्तर, एकाहत्तर, अठ्ठ्याऐंशी, आणि एक प्लॅस्टिकचं बदक. बदक पडलं तेव्हा ग्लेंडाने मला मिठी मारली. लोक बघत होते!

सोमवार, १०

पुन्हा गेलो. पाऊस, वारा. बाकावर एकाच पुडीतले चिप्स खाल्ले, व्हिनेगर जास्त झालं होतं. तिने ऑफिसातल्या साहेबाची नक्कल केली. तीस वर्षं नोकरी केली तिने, आणि हा साहेब मला माहीतच नव्हता. "तू विचारलंस कधी?" नाही विचारलं. वाईट वाटलं.

बुधवार, १२

ट्रेव्हर म्हणतो, वेड लागलंय तुम्हा दोघांना. लागलंय.

गुरुवार, १३

चहा घेऊन परत येत होतो. ग्लेंडा पाठमोरी. तिने खालून एक नाणं उचललं, वाचलं. उजेडात धरून पुन्हा वाचलं. इकडेतिकडे पाहिलं — आणि वाटीत न टाकता सरळ वरच्या फटीत सोडून दिलं.

माझे सातशे पौंड! ओरडणारच होतो. खांबामागे उभा राहिलो, हाताला चहा पोळेपर्यंत.

"मिळालं काही?" "छे रे. उद्या लवकर यावं लागणार."

"नऊला निघू," म्हटलं.