आईचे राहिलेले नवस

शाहपूर,
१७ नोव्हेंबर

चि. नीलेश,

ताईचा आशीर्वाद. इकडे आम्ही बरे आहोत. केळीचे घड उतरायला आले आणि भाव पडला, म्हणजे दरवर्षीसारखंच चाललंय. तुझे दाजी म्हणतात, पत्र कशाला लिहितेस, फोन कर. फोनवर तू "हो ताई, किती झाले सांग, टाकतो" म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून लिहायला बसले. कागद मध्येच कट करता येत नाही.

आई जाऊन चार महिने झाले आणि मी अजून तिचं देणं फेडतेय. किराणावाल्याचे, दूधवाल्याचे तू दिलेस, नाही म्हणत नाही. वकिलांनी तेव्हाच सांगितलं होतं, वारसाला जेवढं मिळालं तेवढ्यापुरतं मेलेल्याचं देणं त्याच्याकडे. आईचं लोधीपुऱ्यातलं घर तुझ्या नावावर झालं, मी सही करून मोकळी झाले. मला वाटलं, मिटलं. पण देवांचा हिशोब कोणी धरलाच नव्हता.

आईला नवस बोलायची एवढी खोड होती हे मला माहीतच नव्हतं. तिच्या शेजारच्या आशाबाई मावशींना माहीत, कारण देवळात तिच्याबरोबर त्याच जायच्या. पण एकदम सगळे सांगतील तर शपथ. दर पंधरा दिवसांनी त्यांना एक आठवतो आणि त्या बस पकडून शाहपूरला येतात. भटजींना विचारलं, तर बोलणारा गेला की घरच्यांनी फेडावा म्हणाले. घरचे म्हणजे कोण रे? घर तुझं, तू सुरतला, आणि देव सगळे माझ्या दाराशी.

पहिला तुझाच निघाला. इंजिनिअरिंगला पास झालास तर मारुतीला नारळांचं तोरण. तुझे दोन विषय राहिले तेव्हा तिने तोरण दुप्पट केलं म्हणे. पुजारी माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मीच नापास झालेय. मग दाजींचा पाय. ते मोटरसायकलवरून पडले तेव्हा आई बोलली होती, पाय बरा झाला की निंबोल्याच्या देवळापर्यंत अनवाणी जाईन. गेले मी अनवाणी. ज्यांचा पाय बरा झाला ते मागून त्याच मोटरसायकलवर, पाण्याची बाटली घेऊन. मग एका आजारी गाईसाठी बोललेलं वरण-बट्टीचं जेवण. गाय आपली नाही, गाईचा मालक आपला नाही, बट्ट्या मात्र मी भाजल्या.

आता मुद्द्यावर येते. येववत नव्हतं, म्हणून गाईपर्यंत जाऊन आले.

मागच्या मंगळवारी मावशी आल्या आणि चहा निवेपर्यंत माझ्या बट्ट्यांचंच कौतुक करत बसल्या. मग म्हणाल्या, एक मोठा राहिलाय, इच्छापूरच्या देवीचा. सहा वर्षांपूर्वीचा. तू शीतलशी लग्न करून तिला घेऊन आलास, आईने तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, आणि तू पुन्हा या घरचं पाणी पिणार नाही म्हणून निघून गेलास. त्यानंतर महिन्याभरातच आई देवीपुढे उभी राहिली. मावशी शेजारीच होत्या. आई म्हणाली, "माझा लेक आणि सून घरी येऊ दे. सुनेला हाताला धरून तुझ्या पायऱ्या चढवीन आणि आधी तिची ओटी भरीन, मग तुझी."

खरं सांगते, ऐकून रडू नाही आलं, संताप आला. सहा वर्षं तिने तुझं नाव काढू दिलं नाही. मी विषय काढला की ताट सरकवून उठायची. आणि देवीला सांगून बसली होती! अगं आई, देवीला कशाला मध्ये घालायचं? नीलेशचा नंबर तुझ्या फोनमध्ये होता, बटण तेवढं दाबायचं. जीव गेला पण दाबलं नाही. आणि तूही तिचाच मुलगा, तूही नाही दाबलंस. तुमच्या दोघांच्या हट्टापायी डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

भटजी म्हणतात, मागितलेलं झालंच नाही, म्हणजे नवस लागू नाही. खरंच आहे, तू आलास तो अग्नी द्यायला, तोही एकटा. दाजी म्हणाले, चला, एक तरी सुटला. मला सुटल्यासारखं वाटत नाही. बाकीचं देणं देवांचं होतं, ते मी निभावलं. हे देवीचं नाही, शीतलचं आहे. आईने तिला दारातून परत पाठवलं, आणि मनातून आत घेतलं ते तिला कधी कळूच दिलं नाही.

या वेळी पैसे टाकू नकोस. हे पत्र तिला वाचून दाखव, सगळं, माझ्या चिडचिडीसकट. घ्यायचं की सोडायचं ते तिनेच ठरवायचं. नको म्हणाली तर मी एका शब्दाने बोलणार नाही, तसा तिला हक्क आहे. हो म्हणाली तर मला फक्त वार कळव. लोधीपुऱ्याचं दार मी उघडून ठेवीन आणि आईच्या जागी उंबऱ्यावर उभी राहीन. इच्छापूरच्या पायऱ्यांवर हातही मीच धरीन.

वाट बघतेय,

शीतलची नणंद,
रंजिता