रेखीच्या वाट्याचं सामान

१२ एप्रिल
बूट आले. गड्याचे दिसतात, पण आता आपल्याला कोण बघतंय. सोबतच्या कागदावर लिहिलंय, निघायच्या आधी महिनाभर पायात वागवा, नाहीतर डोंगरात फोड येतील. म्हणून दुकानात बूट घालूनच मशीनवर बसले. पायडलचा अंदाजच येईना. एका ब्लाऊजची बाही वाकडी गेली. उसवली, परत घातली.

रेखीला फोन केला. लय हसली. "सुमे, फोटो पाठव." तिचं आपलं एकच, फोटो पाठव. बूट घालून मशीनवर बसल्याचा पाठवला.

जानेवारीत सुनेच्या बाळंतपणाला म्हणून जिंतूरला लेकाकडं गेली, महिनाभरासाठी. आता एप्रिल अर्धा होत आला. तिची मशीन चादर टाकून झाकून ठेवलीय. गिऱ्हाईक बाया विचारतात, काज-बटणवाल्या काकू कुठं गेल्या? येतील, म्हणते.

हिमालयाचं खूळ तिचंच. एका डॉक्टरीणबाईंनी माप देता देता मोबाइलमध्ये बर्फातले फोटो दाखवले, त्या गेल्या आणि ही हट्ट धरून बसली. "आपुन दोघी जाऊ. लोकायचे ब्लाऊज शिवूनच मरायचं का?" मी म्हणलं, बर्फ बघायचा तर रसवंतीत चल. ऐकते थोडीच.

सामानाची वाटणी दुकानासारखीच. कटिंग-शिलाई माझी, काज-बटण-हातशिलाई तिची. तसं कपडे, सॅक, रेनकोट मी. औषधं, खाणं, कपाळावर बांधायची बॅटरी, थर्मास तिच्याकडं. तंबू दोघीत एक. दोघींनी तेच तेच कशाला उचलायचं.

१७ एप्रिल
चढायची सवय करा म्हणतात. परभणीत चढ कुठून आणू? सगळं तव्यासारखं सपाट. शेवटी स्टेशनचा पूल सापडला. पहाटे प्लॅटफॉर्मचं तिकीट काढायचं, पाठीवर सॅक, सॅकमध्ये ज्वारीचं पीठ, आणि जिना चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा.

एक म्हातारा हमाल रोज बघायलाय. आज न राहवून विचारलं, "मावशी, तुमची गाडी कोणती?" म्हणलं, पुढच्या महिन्यात हाय. त्यानं हात जोडले. खुळी समजला असंल. त्याचं तरी काय चुकलं.

रेखी असती तर दोघी हसत हसत चढलो असतो. एकटीला हसायला पण येत नाही.

२३ एप्रिल
डोकं फिरलंय.

ट्रेकवाल्यांच्या ऑफिसातून एका पोरीचा फोन. गोड बोलते. विचारलं, कपडे काय काय घेतले. मी ऐटीत सांगितलं. आतून मलमल, त्यावर जाड सुती झगा, त्यावर कापूस भरलेली बंडी. बंड्या मी स्वतः कापल्या दोन, अस्तरासकट. रेखी जिंतूरला त्यात कापूस भरून टाके घालायलीय. घरच्या शेतातला कापूस, पहिल्या वेचणीचा. म्हणलं, असला माल तुमच्या दुकानात मिळायचा नाही.

पोरगी म्हणे, मॅडम, कॉटन अजिबात नको. घाम आला, पाऊस आला की ओलं राहतं, अंगातली गरमी ओढून घेतं. सगळं सिंथेटिक किंवा लोकर घ्या.

माझा बाप कापूस पिकवायचा. मी जन्मभर कापड हातात घेतलेली बाई. उन्हाळ्यात कुणी नायलॉन शिवायला आणलं तर मी वापस पाठवते, अंगाला भाजेल म्हणून. आणि ही मला सांगायली, कापूस नको! मी चांगली बोलले तिला. ऐकून घेतलं बिचारीनं. फोन ठेवताना परत म्हणाली, कॉटन नको हं मॅडम.

२४ एप्रिल
रात्रभर फ्रिजमध्ये दोन कपडे ओले करून ठेवले होते. पिळून. एक मलमलचा, एक गिऱ्हाइकाच्या लेगिन्सच्या उरलेल्या तुकड्याचा. सकाळी काढले. लेगिन्सचा जवळजवळ सुका. मलमल गार आणि ओलीच्या ओली. पोटाला लावून बघितली तर शहारा आला.

पोरीचं बरोबर आहे. आपल्याकडं धुणं दोरीवर टाकून मागं वळेपर्यंत वाळतं. कापड ओलं *राहतं* ही गोष्टच आपल्याला ठाऊक नाही. एवढी वर्षं कापूस कापूस करणाऱ्या दोघी, एकीच्याही डोक्यात आलं नाही.

पोरीला फोन करून सांगितलं, तुझं खरं. हसली. माझ्या मनातून बंड्या काही जाईनात.

३० एप्रिल
रेखीचा फोन. बाळ रडायलंय मागं. बंड्यांचं सांगितलं, एक झाली, दुसरी निम्मी झाली, टाके बारीक घातलेत, वाऱ्याला वाट मिळायची नाही. सगळं तीच बोलली. मग म्हणाली, "बघू गं, कसं जमतंय." तिचं 'बघू' मला चांगलं माहीत आहे. नको असलेल्या गिऱ्हाइकाला पण ती असंच म्हणते.

कापूस चालत नाही हे मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर बंडीच्या निमित्तानं तिला ट्रेक सोडायला एक वाट मिळाली असती. आणि एवढे टाके घालायली, तोंड कसं उघडणार.

७ मे
जिंतूरला जाऊन आले. बाळाला झबलं शिवलं होतं, ते निमित्त. एस.टी.त उभं राहून. ऊन मी मी म्हणतंय.

बाळ गोड आहे. रेखीच्या मांडीवरून उतरायला तयार नाही. सुनेचं अंग अजून भरलं नाही, चेहरा उतरलेला. म्हणजे गरज खरीच आहे, खोटं कसं म्हणू. लेक महेश पाणी घेऊन आला, पाया पडला, आणि अदबीनं म्हणाला, "मावशी, या वयात एवढं वर कामून जायलाव? इथंच नेमगिरीच्या डोंगरावर घेऊन जातो की दोघींना, गाडीवर." वाईट बोलला नाही. पण मला वाईट वाटलं.

रेखीला आत नेलं. तिच्यासाठी रेनकोटच्या कापडाची छोटी थैली शिवलीय, ती दिली. तिच्या गळ्यातलं लिंग आणि विभूतीची डबी ओली होऊ नये म्हणून. रोज पूजा केल्याबिगर ती तोंडात घास घालत नाही, बर्फात तरी कुठं सोडणार. तिनं थैली उघडझाप केली, शिवण बघितली. मग माझ्याच पिशवीत वापस टाकली. "तुझ्याकडंच राहू दे. माझ्याच्यानं हरपंल."

मी सरळ विचारलं, येणार का नाही ते सांग. म्हणाली, "येते की. कोण म्हणलं न्हाई? पुढल्या गुरवारी दुपारच्या गाडीनं येते. आठ दिवस तुझ्यासंगं जिना चढते." बोलताना बाळाचं टोपडं नीट करत होती. माझ्याकडं बघितलं नाही.

१४ मे, गुरुवार
रेखीचा बिछाना घातला सकाळीच. कैरीची आमटी केली, तिला आवडते ती. दुकान बंद करून बस स्टँडवर.

जिंतूर गाडी आली. माणसं उतरली. शेवटची बाई उतरली तरी मी दारातच. कंडक्टरनं विचारलं, "सुमनताई टेलर तुमीच का?" आणि सीटखालून पिशवी काढून दिली. तोंड शिवलेली. हातशिलाई. टाका बघितला आणि समजलं.

पिशवी मांडीवर घेऊन तिथंच बाकावर बसले. अजून एक जिंतूर गाडी आली, ती पण बघितली.

घरी येऊन आमटी शेजारच्या बाईला देऊन टाकली.

१५ मे
पिशवी आज उसवली. तिच्या वाट्याचं सगळं सामान. उंचीवरच्या त्रासाच्या गोळ्या, तापाच्या, पोटाच्या, एकेकीवर कागद चिकटवून: 'डोकं दुखलं तर', 'जुलाब'. बॅटरी, सेल वेगळे. थर्मास. शेंगदाण्याची चटणी. डिंकाचे लाडू, बाळंतिणीसाठी केलेल्यातलेच असणार. म्हणजे बाळंतिणीचे लाडू खाऊन मी डोंगर चढणार. वा रे वा.

एक ओळ तरी लिहायची होती. ती नाही. फोन लावला तर सुनेनं उचलला. "आई झोपल्यात." दुपारी बाराला रेखी झोपलीय. तिला आयुष्यात दुपारी झोपलेलं कुणी बघितलं नाही.

तळाशी बंडी. माझ्या मापाची. एकच.

अंगात घालून आरशासमोर उभी राहिले. घाम निथळायला लागला. काय टाके घातलेत! मशीनला जमणार नाहीत असे. काखेत जरा जास्त जागा ठेवलीय, कारण मला हात वर करताना खांदा धरतो. हे फक्त तिला माहीत आहे. लय राग आला आणि लय रडू आलं, दोन्ही एकदम.

दुसरी बंडी का नाही पाठवली? तिच्या मापाची. भर उन्हाळ्यात जिंतूरला तिचं काय करणार आहे? येणारच नाही, तर ठेवून कशाला घेतली?

हा विचार डोक्यातून जाईना. म्हणून तिची जागा रद्द केली नाही. ऑफिसातल्या पोरीचा फोन आला होता, तिला म्हणलं, दोघी आहोत, राहू द्या.

१९ मे
सॅक भरली, रिकामी केली, परत भरली. तिच्या वाट्याचं आल्यावर वजन मापात बसेना. किराणावाल्याच्या काट्यावर नेली, तो म्हणे, ताई, लग्नाला निघालाव का? लाडू निम्मे काढले, परत घातले. साबणाचा तुकडा केला. टॉवेलऐवजी पंचा घेतला, मग आठवलं, पंचा सुती! काढला. सिंथेटिक कपडे बाजारातून आणलेत. अंगाला सुळसुळतात, आपले वाटतच नाहीत.

बंडी बाहेर काढून कपाटात ठेवली. कडी लावली. नंतर उठून काढली आणि सगळ्यात वर कोंबली. बघून घेऊ.

घरच्या किल्ल्या कुणाला द्यायच्या? नेहमी रेखीकडं असतात. शेवटी गळ्यात अडकवल्या.

२१ मे, गाडीत
त्या हमालानं मला सॅकसकट बघितलं आणि जिन्याकडं हात केला. म्हणलं, बाबा, आज खरंच जायलेय. त्यानं सॅक उचलली आणि डब्यात आणून ठेवली, पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "संभाळून जा मावशी. या वापस." परभणीतून मला निरोप देणारा तो एकटा माणूस. नाव पण विचारलं नाही मी.

गाडी सुटेपर्यंत दारात उभी. उगीचच. तिकडं बस स्टँडवर जिंतूरवाल्या दोन गाड्या तोवर येऊन गेल्या असतील.

समोरचा बर्थ रिकामा. टी.सी.नं विचारलं, या बाई कुठंत? तोंडातून गेलं, पुढच्या स्टेशनला चढतील. खामखा खोटं बोलले. पूर्णा आलं, गेलं.

२४ मे, डोंगराच्या पायथ्याशी
पोचले. डोंगर एवढे मोठे असतात हे फोटोत कळत नाही. रेखीला सांगायला पाहिजे, असं दिवसभरात कितीदा मनात आलं.

इथं सगळ्यांच्या सॅक तपासल्या. आमचा लीडर इथलाच, तरुण, हिंदीत बोलतो. बंडी निघाली. हातात धरून बघत राहिला, कुणी बनवली विचारलं. मैत्रिणीनं. म्हणाला, फार सुंदर आहे आंटी, पण ही वर नाही न्यायची, खालच्या खोलीत ठेवा, उतरताना घ्या. मला माहीतच होतं. दिली. त्यानं कुलूप लावलं. दुसऱ्या मॅडम कधी येणार, असंही विचारलं. नाही येणार म्हणलं. पहिल्यांदा तोंडानं म्हणलं.

म्हणजे तंबूत एकटीच.

चहाच्या वेळी मोबाइलला रेंजची एक काडी आली आणि एक फोटो टपकला. रेखीच्या सुनेकडून. रेखी ओसरीवर बसलीय, मांडीवर बाळ, मागं कूलर, आणि अंगात बंडी. तिच्या मापाची. गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. कपाळावरची विभूती घामानं ओघळलीय. कॅमेऱ्याकडं बघत नाही. खाली सुनेनं लिहिलंय: 'मावशी, आई सकाळपासून अंगातली काढीनात. म्हणायल्यात, सुमी आज पोचंल. तिकडं थंडी किती हाय ते विचार.'

इथंच भिंतीला टेकून बसले. तिच्यावरचा राग गेलाय असं नाही. गुरुवारी मला बस स्टँडवर बसवलं ते मी कधी विसरायची नाही. पण एवढ्या उन्हात कापसाची बंडी घालून बसलीय, खुळी.

लीडरकडं गेले, खोली उघडायला लावली. त्याला काय सांगणार? फोटोच दाखवला. तो म्हणाला, फक्त तंबूत घाला, चालताना नाही, आणि वजन तुमचं तुम्ही उचलायचं. बदल्यात काहीतरी खाली ठेवा. मी थर्मास ठेवला. लाडू नाही ठेवले.

बंडी घातली, गुंड्या गळ्यापर्यंत. एका पोरीला फोटो काढायला लावला, मागं डोंगर. खाली लिहिलं, 'थंडी लय हाय. बंडी गरम हाय.'

फोटो जात नाही. उद्या सकाळी निघायचं, आणि वर गेल्यावर खाली येईपर्यंत काडी मिळायची नाही म्हणतात. मोबाइल खिडकीत उभा करून ठेवलाय, तिथं कधीमधी येते एक. फोटोवरचं चाक अजून फिरायलंय.